नाळ जपा, पण बेंबी कोरडी ठेवा

जपानमध्ये बाळाच्या बेंबीवरची वाळून पडलेली नाळ छोट्या लाकडी डबीत जपून ठेवतात. ही डबी बहुतेक वेळा किरी नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाची असते, त्यामुळे आत ओल धरत नाही. कित्येक दवाखाने ती बाळंतिणीला घरी जाताना देतात. वर आईचे व बाळाचे नाव आणि जन्मतारीख लिहिलेली असते. काही आया मुलीच्या लग्नात ही डबी तिच्या हाती देतात.

आपल्याकडेही कुणी नाळ पुरते, कुणी वाळवून ताईतात घालते. आठवण म्हणून ठेवायला आमची काहीच हरकत नाही. पण तान्ह्याच्या गळ्यात ताईत नको, दोरा आवळू शकतो. उगाळून चाटवणे तर मुळीच नको. वाळक्या नाळेत औषधी काही नाही.

खरी काळजी नाळ पडण्याआधीची. ती साधारण ५ ते १५ दिवसांत आपोआप पडते. तोवर तिच्यावर शेण, राख, हळद, तेल काही लावू नका. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. दोन दिवस चांगले दूध ओढणारे बाळ मग ओढेनासे होते, जबडा आवळतो, अंग ताठते. गरोदरपणातली इंजेक्शने आणि दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, म्हणून २०१५ साली नवजात बाळांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. जंतू मात्र मातीत आहेतच. घरातली वडीलधारी मंडळी ऐकत नसतील तर आशाताईंना घरी बोलवा.

लंगोट बेंबीच्या खाली बांधा. बेंबीभोवती लाली, पू, घाण वास किंवा ताप दिसला, बाळ दूध ओढेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.