राऊ, मस्तानी आणि पंगत

पीएलमध्ये अभ्यास सोडून सगळं सुचतं. मागच्या सेमला रूममेटने रद्दीतून एक इंग्रजी कादंबरी आणली होती, कव्हर नसलेली. आयर्लंडमधल्या सरदाराची मुलगी, तिच्यावर पहारा ठेवणारा इंग्रज अधिकारी आणि मध्ये युद्ध. मेस बंद व्हायची वेळ झाली तेव्हा माझी शंभर पानं झाली होती. (त्या रात्री मॅगी खाल्ली.)

अशा कादंबऱ्या इंग्रजीत ढिगाने आहेत आणि त्यांचं सर्किट जवळजवळ सारखंच असतं. तो जिंकणाऱ्यांचा, ती हरणाऱ्यांची, शेवटच्या पानावर दोघं एकत्र. मला वाटलं, हे सगळं लेखकाच्या डोक्यातलं असणार. शोधलं तर खरा इतिहास जास्त मजेशीर निघाला. लेन्स्टरचा राजा डर्मट गादीवरून हाकलला गेला. त्याने समुद्रापलीकडून स्ट्राँगबो नावाच्या नॉर्मन सरदाराला मदतीला बोलावलं आणि बदल्यात आपली मुलगी ईफा आणि आपल्यामागे राज्य देऊ केलं. ११७० मध्ये वॉटरफर्ड जिंकल्यावर तिथेच लग्न लागलं. म्हणजे सुरुवात प्रेमाने नाही, तहाने झाली! पुढे असे संबंध इतके वाढले की १३६६ मध्ये किलकेनीला कायदाच करावा लागला : तिथे वसलेल्या इंग्रजांनी आयरिशांशी लग्न करायचं नाही, आयरिश भाषा बोलायची नाही, आयरिश पद्धतीने खोगिराशिवाय घोड्यावरसुद्धा बसायचं नाही. आता कायदा कशावर करतात? जे सर्रास चालू असतं त्यावर. हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाकडे बघा, पटेल.

हे वाचताना मला सारखी आपल्याकडची गोष्ट आठवत होती. तहाने सुरू झालेली आणि घरात अडकलेली. बाजीराव-मस्तानीची.

मार्च १७२९. अलाहाबादचा मोगल सुभेदार महंमदखान बंगश याने बुंदेलखंडचा म्हातारा राजा छत्रसाल याला जैतपूरला कोंडीत धरलं होतं. बाजीराव धावून गेले, बंगशाचा वेढा उलटा त्याच्यावरच पडला. छत्रसालाने राज्याचा हिस्सा दिला आणि त्याच सुमारास मस्तानी बाजीरावांकडे आली. ती छत्रसालाची मुसलमान बायकोपासून झालेली मुलगी असं बहुतेक ठिकाणी सांगतात, काही जण नर्तकी म्हणतात. अभ्यासकांत एकमत नाही. पान खाल्लं की तिच्या गळ्यातून लाल रस उतरताना दिसायचा, ही मात्र शुद्ध दंतकथा. मेडिकलवाले हसतील.

आता आपल्या बाजूचा धागा. सीबीडीला खाडीकडेला बेलापूरचा पडका किल्ला आहे, तो १७३० च्या दशकात मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. त्या उत्तर कोकणच्या लढाईचे सूत्रधार चिमाजीअप्पा, बाजीरावांचे धाकटे भाऊ. मे १७३९ मध्ये त्यांनी वसई घेतली. मोठा माणूस, शंकाच नाही. आणि वसईनंतर वर्षही झालं नव्हतं, तेव्हा याच चिमाजीअप्पांनी आणि बाजीरावांचा मुलगा नानासाहेब याने, बाजीराव स्वारीवर असताना, मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवलं.

का? १७४० च्या सुरुवातीला घरात दोन कार्यं होती, रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचं लग्न. बाजीराव हजर असतील तर आम्ही विधी करणार नाही, अशी भटजींनी भूमिका घेतल्याचं रियासतकार सरदेसाईंनी नोंदवलंय. ज्या माणसाला निजाम दबकून होता त्याला स्वतःच्या घरच्या पंगतीत बसता येईना! साताऱ्याहून शाहू महाराजांचं मत मात्र वेगळं होतं. बाजीरावांचं मन दुखवू नका, असा निरोप तिथून नानासाहेबाला आला होता. ऐकलं नाही कोणी.

मला आयर्लंडपेक्षा हे जास्त भयंकर वाटतं. तिथे निदान कायदा लिहिलेला होता, त्याच्याशी भांडता तरी येतं. इथे लेखी काहीच नव्हतं. नुसतं ‘लोक काय म्हणतील’ आणि वाढलेलं पान. चिमाजीअप्पांना व्हिलन करणंही मला पटत नाही. घर फुटेल ही त्यांची भीती खरी असणार.

२८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव तापाने गेले, वय चाळीसही पुरं नाही. मागोमाग पाबळला मस्तानी गेली. तिने विष घेतलं, की धक्क्याने गेली, यावर नुसते तर्क आहेत. तिथेच तिची कबर आहे.

या प्रकरणाच्या पत्रांत भाऊ, मुलगा, कारभारी सगळे बोलतात. मस्तानी बोलत नाही. कादंबरीकार घुसतो तो नेमका इथून. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ ची, तिच्यावरून २०१५ चा हिंदी सिनेमा निघाला. त्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात, त्यावर पेशव्यांच्या वंशजांनी हरकतही घेतली होती. माझं मत : मोकळी जागा भरायला हरकत नाही, पण नाचाने भरली की पंगतीचा विषय बाजूला राहतो.

खरा प्रश्न तर मुलाचा होता. १७३४ मध्ये झालेल्या मुलाचं नाव कृष्णराव ठेवलं होतं म्हणतात, पण त्याची मुंज करायला भटजी तयार होईनात. तो समशेर बहाद्दर झाला. आई-वडील गेल्यावर काशीबाईंनी त्याला सांभाळलं, हे सिनेमात यायला हवं होतं. ज्याला मुंजीला नाकारलं तो १७६१ ला पानिपतावर पेशव्यांकडूनच लढला आणि जखमी होऊन जाटांच्या मुलखात वारला, सत्ताविसाव्या वर्षी. त्याचे वंशज म्हणजे बांद्याचे नवाब. त्यातले दुसरे अली बहाद्दर १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले.

पुण्यातल्या केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल आहे. सबमिशन संपल्यावर जायचा बेत आहे, येताना आइस्क्रीमवाली मस्तानीही प्यायची आहे. मित्रांनो, कोणाला यायचं असेल तर शनिवारच्या आत रूमवर येऊन सांगा. ट्रेनचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं.