‘वॉलनट फिनिश’ म्हणजे खरंच अक्रोडाचं लाकूड का?

शॉपिंग ॲपवर स्टडी टेबल शोधलं की ‘वॉलनट’ हा शब्द दिसतोच. पण ऑर्डर करण्याआधी थांबा! बऱ्याचदा ते लाकडाचं नाही, फक्त रंगाचं नाव असतं. आत एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड आणि वर अक्रोडासारख्या रेषा छापलेलं लॅमिनेट. कधी शिसमवर दिलेलं गडद पॉलिशही ‘वॉलनट फिनिश’ म्हणून विकतात.

मग खऱ्या अक्रोडात एवढं काय आहे?

फर्निचरसाठी मुख्यतः दोन जाती वापरतात: आपण ज्याचे अक्रोड खातो ते झाड (काश्मीरमध्ये हेच) आणि अमेरिकेतला ब्लॅक वॉलनट. गाभ्याचं लाकूड चॉकलेटी, सालीजवळचं फिकट. ब्लॅक वॉलनटची घनता साधारण 610 किलो प्रति घनमीटर, म्हणजे ना फार जड, ना फार हलकं. पटाशी त्यावर छान चालते, म्हणून काश्मीरचे कारागीर त्यात चिनारची पानं बारीक कोरतात. या कोरीवकामाला जीआय टॅगही आहे. नीट वाळवलं की अक्रोड फारसं वाकत नाही आणि धक्काही सोसतं, म्हणून बंदुकीचे दस्ते याचेच करतात. 2013 च्या मोटो एक्स फोनलाही वॉलनटच्या बॅक कव्हरचा पर्याय होता!

तोटे? काश्मीरमध्ये अक्रोडाचं झाड तोडायला सरकारी परवानगी लागते, त्यामुळे लाकूड महाग. बरीच लाकडं काळानुसार गडद होतात, ब्लॅक वॉलनट मात्र उजेडात फिकट पडतं. आणि घरात वाळवीचा त्रास असेल तर आपलं सागवानच बरं.

खरेदीआधी तीन गोष्टी तपासा:

1. ‘मटेरियल’ वाचा, ‘कलर’ नाही. ‘सॉलिड वॉलनट’ म्हणजे अख्खं लाकूड. ‘वॉलनट व्हिनियर’ म्हणजे बोर्डवर खऱ्या लाकडाचा पातळ थर. यात फसवणूक नाही, पण किंमतही त्याच हिशोबाने हवी. नुसतं ‘फिनिश’ असेल तर तो रंग समजा.
2. फोटो झूम करा. तीच नक्षी पुन्हा पुन्हा दिसली तर ती छापलेली. अख्ख्या लाकडाच्या फळीत वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात.
3. लाकडाची जात विक्रेत्याकडून चॅटवर लिहून घ्या आणि बिलावरही मागा.

रंग आवडला तर लॅमिनेट घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त पैसे लॅमिनेटचे द्या, अक्रोडाचे नाही.