चौदा कप्प्यांचा डबा

दिवाळीत आमच्या ओट्यावर चकली, चिवडा, शेव, लाडू असे डबे ओळीने मांडलेले असतात आणि त्या ओळीच्या शेवटी एक निळा प्लॅस्टिकचा डबा असतो. त्याला चौदा कप्पे. सात सकाळचे, सात रात्रीचे. फराळाला आलेली लहान मुलं नेमकी तोच उघडायला बघतात आणि मी "त्यात खाऊ नाहीये रे" म्हणत तो वरच्या फळीवर ठेवते. त्यात काय असतं ते यंदा लिहायचं ठरवलं आहे. नवऱ्याची परवानगी घेतली आहे. "माझं नाव घालू नकोस आणि मला फार बिचारा करू नकोस" एवढ्या दोनच अटी त्याने घातल्या.

२०१९ च्या मार्चमध्ये इथे न्यू जर्सीत त्याच्या किडनीच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. आयजीए नेफ्रोपॅथी नावाच्या आजाराने ऐन तिशीत दोन्ही किडन्या निकामी केल्या होत्या, आठ महिने डायलिसिस चालू होतं. किडनी दिली माझ्या सासूबाईंनी. मिरजेहून एकट्या आल्या. सगळ्या तपासण्या निमूट करून घेतल्या आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना त्यांनी एकच प्रश्न विचारायला सांगितला, "नंतर पाटावर मांडी घालून जेवता येईल ना, विचार गं."

घरी सोडायच्या दिवशी खोलीत फार्मसिस्ट आली, हातात औषधांची भली मोठी पिशवी. मी लग्नाआधी साताऱ्याला एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे समोरचा कसा शिकवतो याकडे माझं लक्ष जातंच. तिने प्रत्येक औषध समजावलं, पण शेवटी "समजलं का?" असं विचारलं नाही. या प्रश्नाला अख्खा वर्ग "हो" म्हणतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. ती म्हणाली, "आता तुम्ही मला शिकवा." नवऱ्याने घडाघडा सांगितलं. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी. मायकोफेनोलेट दोनदा. प्रेडनिसोन सकाळी खाऊन. पहिले काही महिने जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आणखी दोन गोळ्या, शिवाय रक्तदाबाची. रक्त द्यायला जायचं त्या सकाळी टॅक्रोलिमस आधी घ्यायचं नाही, सोबत न्यायचं आणि रक्त दिल्यावर घ्यायचं. नाहीतर रक्तातली पातळी खोटीच जास्त दिसते. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही, फोन करून विचारायचं. शंभरापैकी शंभर. घरी येऊन त्याने एक्सेलमध्ये तक्ताही केला, रंगीत.

ही औषधं का लागतात, हे मला स्वतःला नीट कळायला वेळ लागला. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती परक्या पेशी ओळखून त्यांच्यावर तुटून पडते. आईची किडनी झाली तरी मुलाच्या शरीराला ती अर्धीच ओळखीची. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते रोनाल्ड आणि रिचर्ड हेरिक या अगदी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. रिचर्डच्या शरीराला भावाची किडनी परकी वाटलीच नाही. पण असं जुळं किती जणांना असतं? बाकीच्यांसाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं सापडावी लागली. सायक्लोस्पोरिन अमेरिकेत १९८३ मध्ये मान्य झालं. टॅक्रोलिमस तर १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. त्या मातीमुळे आपलं घर चालू आहे, असं मी नवऱ्याला म्हटलं की तो हसतो.

ही औषधं मोठी नाजूक. रक्तातली पातळी कमी झाली तर शरीर किडनीवर उठतं, जास्त झाली तर त्याच औषधाने किडनीला इजा होते. म्हणून ग्रेपफ्रूट वर्ज्य आणि त्याचंच भावंड असलेलं आपलं पपनसही. एकदा गणपतीत कोकणातल्या मामांच्या घरी पपनस सोलून ताटलीत आलं, तेव्हा "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणाऱ्यांपुढे मलाच वाईट व्हावं लागलं. ब्रूफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत, काही अँटिबायोटिक विचारल्याशिवाय नकोत. टॅक्रोलिमसची दिवसातून एकदा घ्यायची कॅप्सूलही मिळते, पण ती आणि दोनदा घ्यायची, यांची अदलाबदल आपली आपण करायची नाही. दुकानातून आलेली कॅप्सूल नेहमीपेक्षा वेगळी दिसली तरी आधी विचारायचं.

करोनात सगळ्या नात्यातल्या ग्रुपवर गुळवेलीच्या काढ्याचे निरोप फिरत होते. प्रतिकारशक्ती वाढवा! आम्ही तर ती महिन्याला एवढे पैसे मोजून दाबून ठेवत होतो. एका आत्यांनी कुरिअरने गुळवेलीची पावडर पाठवली. प्रेमानेच पाठवली होती. प्रत्यारोपणाच्या टीमने स्पष्ट नाही सांगितलं, मग ती बरणी मी गुपचूप टाकून दिली. "घेतोय ना?" असं आत्यांनी विचारलं की आम्ही दोघं "हो हो" म्हणायचो.

हे "हो हो" मी तेव्हाच ऐकायला हवं होतं.

२०२३ च्या दसऱ्याला मंडळाच्या कार्यक्रमासाठी मी त्याचं गणेशोत्सवात घातलेलं जाकीट बाहेर काढलं. खिशात टिशूपेपरची पुडी होती, आत तीन कॅप्सूल. टॅक्रोलिमस, रात्रीचा अख्खा डोस. मी विचारल्यावर तो म्हणाला, "अगं, आरतीच्या गडबडीत राहिलं असेल एक दिवस." मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

पुढच्या आठवड्यात रक्ताचा अहवाल आला. चार वर्षं १.३ च्या आसपास असलेलं क्रिएटिनिन १.९ झालं होतं. बायोप्सी झाली, रिजेक्शन सुरू झाल्याचं निघालं. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये शिरेतून स्टेरॉइड. त्या तीन दिवसांत मी त्याच्याशी फार वाईट बोलले. "आईंनी स्वतःची किडनी काढून दिली आणि तुला तीन कॅप्सूल गिळता येत नाहीत?" हे वाक्य मी उच्चारलं आहे. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

तिसऱ्या दिवशी नर्स आली. तिने रागावण्याचा सूर अजिबात लावला नाही. "गेल्या दोन आठवड्यांत साधारण किती डोस राहिले?" एवढंच विचारलं, जणू राहणारच होते. आणि तो बोलायला लागला. आठवड्याला दोन-तीन, बहुतेक रात्रीचे. रक्त द्यायच्या आधीचे चार दिवस मात्र काटेकोर, म्हणून पातळी ठीक यायची. (माझे विद्यार्थी तपासणीच्या आदल्या रात्री वह्या पूर्ण करायचे, ते आठवलं.) दोनदा अचानक बोलावलं तेव्हा पातळी खाली होती, तेव्हा "लॅबचा काहीतरी घोळ" असं त्याने मला सांगितलं होतं.

कारणं ऐकताना मला कळत गेलं की यातलं एकही अज्ञानाचं नाही. टॅक्रोलिमसने हात थरथरतो. मीटिंगमध्ये कॉफीचा कप उचलायची त्याला लाज वाटायची. मायकोफेनोलेटने पोट बिघडायचं. कोणाकडे जेवायला गेलं की रात्रीचे नऊ गप्पांत निघून जायचे आणि चारचौघांत डबी काढली की कोणीतरी "काय झालंय?" विचारणारच. शिवाय तब्येत उत्तम होती. एखादा डोस राहिला तर दुखत-खुपत काहीच नाही. आणि सगळ्यात शेवटी, फार हळू आवाजात, त्या वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट. नोकरी गेली होती. एच-वन व्हिसावर दुसरी शोधायला साठ दिवस. विम्याचं काय होईल या धास्तीने त्याने बाटली पुरवून पुरवून वापरली होती, तीनच्या जागी दोन कॅप्सूल. सातव्या आठवड्यात नोकरी मिळाली, डोस पूर्ववत झाला, पण एकदा चुकवून काही होत नाही हे मनाने धरलं होतं. मला सांगितलं नाही, कारण मी आधीच रात्री जागत होते.

आपल्यापैकी कोणावर ही वेळ आली तर, प्रत्यारोपण केंद्रात सोशल वर्कर असतात, त्यांना पहिल्याच दिवशी सांगावं. किडनी निकामी झाल्यामुळे मेडिकेअर मिळालेल्या तरुण माणसांचं मेडिकेअर प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी संपतं. १ जानेवारी २०२३ पासून अशांपैकी ज्यांना दुसरा विमा नाही त्यांच्यासाठी फक्त या औषधांपुरती पार्ट बी-आयडी नावाची सोय सुरू झाली आहे. अटी आहेत, हप्ता आहे, पण विचारल्याशिवाय कोणी घरी येऊन सांगत नाही.

मी रोज "गोळी घेतलीस ना?" विचारत होते. सहा वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, आणि घरात तोच "समजलं का?"चा प्रश्न! आता रविवारी डबा भरताना आम्ही दोघं बसतो आणि मी "किती राहिल्या?" विचारते. कधी एक म्हणतो. मग ती कुठे राहिली तेवढंच बघतो. एक डबी गाडीत, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. जेवायला बोलावणाऱ्या दोन-तीन जवळच्या घरी सांगून टाकलं, आता नऊला तेच पाण्याचा ग्लास पुढे करतात. भारतात जाताना औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. हिवाळ्यात इथले सकाळचे नऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात. बारा तासांचं अंतर असल्यामुळे तिथे साडेसात-साडेसात धरलं की झालं.

सासूबाईंना काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर त्यांनी बघितलं आणि विचारलं, "तोंड सुजलंय का रे तुझं?" त्याने सगळं सांगितलं, नोकरीच्या दिवसांसकट. बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "दिली तेव्हाच ती तुझी झाली. मी हिशेब मागत नाही. पण रोज विचारलं तर राग येईल का तुला?"

विषय हलका करावा म्हणून मी मध्ये पडले. "आई, तुमची वर्षाची तपासणी झाली का?" किडनी दिलेल्यांनी दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन बघून घ्यायचं असतं, हे इथल्या डॉक्टरांनी त्यांना जाताना बजावून सांगितलं होतं.

"करायची आहे ना."

"शेवटची कधी केली?"

"करोनात राहिली, ती राहिलीच बघ." आणि थोड्या वेळाने, "प्रेशरची गोळी घेते मी. एक दिवसाआड. रोज घेतली की सवय लागते म्हणतात."

नवरा कपाळाला हात लावून बसला आणि मग बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला.

त्याचं क्रिएटिनिन आता १.५ वर स्थिरावलं आहे, १.३ वर ते परत आलं नाही. सासूबाईंनी तपासण्या करून घेतल्या, रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी रोजची झाली. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मिरजेत साडेसहा, दिवेलागणीची वेळ. देवापुढे दिवा लावला की त्यांचा फोन येतो. त्या गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरतात, हा उघडा कप्पा धरतो. बोलणं दोन मिनिटांचं.

मागच्या मंगळवारी नऊ वाजून गेले तरी फोन आला नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यानेच लावला. "आई, मंगळवारची गोळी?"

"थांब," पलीकडून आवाज आला, "चष्मा शोधते."