खालचा पैलवान

कुंडलच्या मैदानात खडाखडी चालू असते तोवर सगळ्यांची नजर दोघांवर असते. हलगी कडाडत असते, शड्डू घुमत असतात, कोण कुणाच्या पटात घुसतो याकडे डोळे लागलेले असतात. मग एकजण बगलेखालून मागं जातो, कमरेला कवळ घालतो आणि दुसरा दोन्ही तळव्यांवर खाली जातो. कुस्ती खाली बसते. त्या क्षणापासून मैदान वरच्या पैलवानाचं होतं. ‘घुटना ठेव!’, ‘सवारी भर!’ अशा आरोळ्या त्याच्यासाठी, फेटे त्याच्यासाठी. खालच्याशी बोलणारा एकच माणूस उरतो, आखाड्याच्या कडेला उकिडवा बसलेला त्याचा वस्ताद. ‘कोपरं आत! मान देऊ नको! श्वास घे!’ तीन आज्ञा, त्याही घसा बसेस्तोवर.

शाळेच्या वयात चार वर्षं मी कऱ्हाडकडच्या एका तालमीत होतो. अंगानं बारीक असल्यामुळं लढंतीत बराच वेळ खालीच जायचा. त्यामुळं मैदानात आजही माझे डोळे आधी खालच्या पैलवानाकडे जातात. वर बसलेला काय करणार ते बहुतेकदा दिसत असतं. खालचा काय करतोय ते मात्र त्याच्या कोपरांकडे, बोटांकडे आणि कमरेकडे नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. आपल्या भागात कुस्तीवर इतकं लिहिलं गेलं. डाव, गदा, मानाच्या कुस्त्या, खुराक, पैलवानांची आयुष्यं, सगळं आलं. दाबला गेलेला माणूस सुटतो कसा, या विद्येवर त्या मानानं फार थोडं आलं. आता जगभर ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या निमित्तानं याच विद्येचा बारकाईनं अभ्यास होत असताना, सातारा-सांगलीच्या मातीत ती कुठं आणि किती आहे ते पाहावं म्हणून हा लेख.

आधी मातीतला नियम, कारण सगळं त्यावरच उभं आहे. दोन्ही खांदे मातीला लागले, पाठ टेकली, की कुस्ती संपली. चितपट. त्यामुळं आपला पैलवान अडचणीत आला की छाती जमिनीकडे करतो, पाठ आभाळाकडे ठेवतो. आभाळ पाहायला लागणं हीच हार, म्हणून तर ‘अस्मान दाखवणं’ हा शब्दप्रयोग आला. पोटावर गेलेला माणूस दाबात असतो, पण हरलेला नसतो.

वरचा मग त्याला उलटा करण्याच्या मागं लागतो. मानेवर गुडघा रोवून तो घुटना लावतो. मागून पाय आत घालून सवारी भरतो, म्हणजे खालच्याचा एक पाय अडकून पडतो आणि कंबर मोकळी राहत नाही. काखेतून हात घालून मानेवर आणतो, तो हप्ता. या तिन्हींना एकच गोष्ट हवी असते : खालच्याचं कोपर बरगडीपासून सुटलेलं. कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये हात शिरला की मान फिरते, मान फिरली की खांदा फिरतो, आणि खांद्यामागं सगळं अंग जातं. ‘कोपरं आत’ ही वस्तादाची पहिली आज्ञा आहे ती यासाठी.

राखणं ही झाली अर्धी विद्या. सुटणं ही उरलेली. मला शिकवलं होतं ते असं. पहिल्यांदा वरच्याच्या मनगटाशी लढायचं, त्याच्या छातीशी नाही. कमरेभोवतीच्या कवळाची बोटं दोन्ही हातांनी धरून एका बाजूला फोडायची आणि फोडता फोडताच एक पाय जमिनीवर रोवून उठायचं. कवळ आधी फोडून मग उठायला गेलं तर तेवढ्यात तो पुन्हा आवळतो. दोन्ही एका दमात व्हावं लागतं. उठता येत नसेल तर कमरेवरून आलेला त्याचा हात आपल्या काखेत आवळून धरायचा आणि त्याच कुशीवर लोळण घ्यायची. त्याचा टेकायचा हात आपल्याकडे अडकलेला असल्यानं तो आपल्यावरून पलीकडे जातो आणि बऱ्याचदा त्याचीच पाठ लागते. प्रेक्षकांत मोठा जल्लोष उठतो तो अशा वेळी. तिसरी वाट बसून निघण्याची : एक पाय पुढं काढून ढुंगणावर बसायचं, डोकं वरच्याच्या काखेतून मागं न्यायचं आणि वळून समोर यायचं. तालमी-तालमींत या गोष्टींना नावं वेगळी असतील, पण मनगट, कंबर, वळण हा क्रम सगळीकडे तोच.

पोटावर पडून टिकता किती येतं याचं जगातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण आपल्या गामा पैलवानाच्या कुस्तीतलं आहे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को गामाच्या कब्जात खाली गेला आणि अडीच तासांहून जास्त वेळ गादीला चिकटून राहिला. गामाला तो उलटला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली आणि आठवड्यानंतर ठरलेल्या दुसऱ्या लढतीला झबिस्को आलाच नाही. लोकांनी त्याला भ्याड म्हटलं. मला त्या निकालात गामाचं मोठेपण तर दिसतंच, पण झबिस्कोची कोपरंही दिसतात. अडीच तास गामासारख्या माणसाचा हात बरगडीशी शिरू न देणं हे भित्र्या माणसाचं काम नाही. त्याचं चुकलं ते एवढंच की त्यानं राखलं, सुटायला काही केलं नाही. 1928 साली पतियाळात दोघं पुन्हा भिडले तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत चित केलं.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर ही कथा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला येते. खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या या पैलवानाला गादी नवीन होती. तरी ते 52 किलो गटात सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला 57 किलो गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं आणि कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून त्यांच्यासाठी पैसे उभे केले आणि परतल्यावर 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सातारा जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. कमी बोललं जातं ते त्यांना हरवणाऱ्या जपानी मल्लाविषयी. सुवर्णपदक जिंकलेला शोहाची इशी हा मूळचा ज्युडोतला. युद्धानंतर अमेरिकी अंमलात ज्युडोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. म्हणजे हेलसिंकीच्या गादीवर गोळेश्वरची माती आणि जपानची जमिनीवरची झुंज समोरासमोर आली होती.

त्याच ज्युडोची दुसरी फांदी ब्राझीलमध्ये रुजली. कोदोकानमध्ये तयार झालेला मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचला. पुढं बेलेम शहरात त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला आणि त्याच्या भावांनी ती विद्या जमिनीवरच वाढवली. धाकटा एलिओ अंगानं लहान. आपल्यापेक्षा जड माणूस छातीवर बसलेला आहे, आता काय, हा त्याच्यासाठी रोजचा प्रश्न होता. जिउ-जित्सूत पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही. गुदमरवून किंवा सांधा अडकवून समोरच्याला हात आपटायला लावलं की निकाल लागतो. आपल्याकडे जिथं कुस्ती संपते तिथं त्यांच्याकडे ती रंगात येते.

त्यामुळं त्यांचा खालचा माणूस आभाळाकडे तोंड करून लढतो. तिथं तीन दाब मोठे मानतात. वरचा छातीवर घोड्यासारखा बसलेला, तो माउंट. आडवा येऊन छातीनं दाबलेला, तो साइड कंट्रोल. आणि मागून दोन्ही पाय अडकवून पाठीला चिकटलेला. हा तिसरा आपल्या सवारीचा सख्खा भाऊच, फक्त तिथं त्याचा शेवट गळा आवळण्यात होतो.

छातीवर बसलेल्याला उडवायची रीत समजायला आपल्या घरातली खाट आठवावी. खाटेचे एकाच बाजूचे दोन पाय काढले तर ती त्या बाजूला कलंडणारच. खालचा माणूस वरच्याचा एक हात छातीशी अडकवतो, त्याच बाजूचा पाय आपल्या पायानं अडवतो, मग कंबर उचलून कमान टाकतो. सरळ वर नाही, अडकवलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरकी. वरच्याला टेकायला ना हात ना पाय, तो कलंडतो. ही कमान आपल्या तालमीत पोरं रोज मानेवर करतात. फरक इतका की आपली कमान खांदे जमिनीपासून वर ठेवण्यासाठी असते, त्यांची वरच्याला उलथण्यासाठी.

दुसरी रीत कंबर सरकवण्याची. कोळंबी जशी अंग दुमडून मागं जाते तसं कुशीवर होऊन, एक पाय रोवून ढुंगण मागं न्यायचं, कोपरानं त्याचा गुडघा ढकलायचा आणि झालेल्या फटीतून आपला गुडघा आत आणायचा. प्रशिक्षक त्याला श्रिंप म्हणतात, म्हणजे कोळंबीच. आडव्या दाबातही तेच. एक मनगट त्याच्या मानेशी, दुसरं कमरेशी, दाराला अडसर लावावा तसं. हातानं त्याला ढकलायचं नाही, अडसर तसाच ठेवून आपण सरकायचं. जड माणसाला हलवता येत नाही, स्वतःला हलवता येतं. मी हे पहिल्यांदा एका मित्राकडून पुण्यात गादीवर शिकलो तेव्हा चाळिशीत होतो, आणि ‘कोपरं आत’ ही आज्ञा शब्दशः तीच ऐकून अंगावर काटा आला.

आता अडचणीचा भाग. मातीतला पैलवान जिउ-जित्सूच्या गादीवर गेला की दाबात येताच पोटावर वळतो. वर्षानुवर्षांचं अंगवळण आहे ते. तिथं त्यानं पाठ देऊन टाकलेली असते आणि काही क्षणांत गळ्याखाली हात येतो. उलट जिउ-जित्सूवाला मातीत उतरला तर सवयीनं पाठीवर पडायला जाईल आणि पहिल्याच मिनिटात चितपट होईल. माझ्या मते दोन्ही विद्यांमधला खरा फरक डावांत नाही, तो या वळण्याच्या दिशेत आहे. बाकी कोपर, कमान, कंबर, श्वास सगळं समाईक आहे. नव्या पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर त्यांची वर्षं वाचतील.

गुणांच्या हिशेबात सुटणाऱ्याला कुठंच फारसं काही मिळत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. फ्रीस्टाइलमध्ये खालून उलटून वर आलं तर एक गुण. जिउ-जित्सूत माउंट मिळवणाऱ्याला चार गुण, पण त्यातून सुटणाऱ्याला शून्य, अगदी वरच्याला उलथून आपण वर आलो तरी. ज्युडोत वीस सेकंद दाबून धरलं की सामना संपतो. खालच्यानं वरच्याचा पाय आपल्या दोन पायांत अडकवला तर दाब तुटला असं पंच जाहीर करतात, गुण मात्र नाही. ग्रीको-रोमनमध्ये तर पाय वापरायचीच बंदी. खाली गेलेल्यानं पोट गादीला चिकटवून कंबर उचलू द्यायची नाही, एवढंच हाती. आणि तरीही 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत शिराळा तालुक्यातल्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य जिंकलं, तर कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य. पायांच्या डावांवर वाढलेली ही माणसं पाय बांधलेल्या कुस्तीतही उभी राहिली. आंदळकर 1960 चे हिंदकेसरी, माने 1964 चे. दोघंही सांगली जिल्ह्यातले.

आज या दोन जिल्ह्यांत गादी सगळीकडे पोचली आहे. 2022 साली महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली, माती आणि गादी असे दोन्ही विभाग घेऊन. मार्च 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मुली तालमीत आल्या ही या काळातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी घटना आहे. दाबला गेल्यावर घाबरायचं नाही, श्वास रोखायचा नाही, आधी मनगट, मग कंबर, हे मुलीच्या अंगात मुरलं तर ते मैदानाबाहेरही तिच्याबरोबर राहतं. इथं मला जिउ-जित्सूचं पाठीवरचं शिक्षण आपल्या तालमींनी मुद्दाम घ्यावं असं वाटतं, कारण बाहेरच्या जगात कुणी पोटावर वळायला वेळ देत नाही.

पाठ टेकली की नाही यावरून आजही किती रण माजतं ते 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत राज्यानं पाहिलं. दोन्ही खांदे लागले नाहीत असं हरलेल्या मल्लाचं म्हणणं होतं, पंचांनी चितपट दिली, पुढं जे घडलं त्यातून निलंबनापर्यंत गोष्ट गेली. पंचावर हात-पाय उगारणं चूकच. पण एका खांद्याच्या दोन बोटं अंतरात माणसाची वर्षभराची मेहनत तोलली जाते, हे खाली राहिलेल्यालाच कळतं.

शिकवण्याबद्दल एक मागणं. आपल्या तालमीत लढंत बहुतेक वेळा उभ्यानं सुरू होते. त्यामुळं जो पोरगा जोरात असतो तो रोज वरच राहतो आणि खालची विद्या दुबळ्याच्या वाट्याला शिक्षा म्हणून येते. जिउ-जित्सूच्या वर्गात लढत दाबातूनच सुरू करतात. चांगल्यातला चांगलाही आळीपाळीनं खाली जातो आणि घड्याळ लावून सुटायचा सराव करतो. आपल्याकडे हे सहज करता येईल. मानेची कमान मात्र लहान वयात हातांचा आधार देऊनच करावी. कोवळ्या मणक्यांवर एकदम सगळं वजन टाकणं धोक्याचं आहे, आणि जुन्या सवयीपोटी कितीतरी ठिकाणी ते अजून चालतं.

मागच्या पावसाळ्यात कृष्णाकाठच्या एका गावातल्या तालमीत गेलो होतो. संध्याकाळ, हौद्यातली माती ताक-तेलानं नुकतीच मळलेली, वास भरून राहिलेला. वस्तादांनी त्यांच्या सर्वांत दांडग्या पोराला तळव्यांवर खाली बसवलं आणि त्याच्या निम्म्या वजनाच्या पोराला त्याच्यावर कवळ घालायला लावली. दांडगा हसला, एका झटक्यात उठायला गेला, आणि कोपर सुटून कुशीवर आला. ‘परत,’ वस्ताद म्हणाले. तो पुन्हा खाली बसला. या वेळी त्यानं कोपरं बरगडीशी घेतली, मान आत ओढली आणि बारक्याच्या बोटांवर हात ठेवून थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला.