चार पट्ट्या, दोन रात्री

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजापुरात तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. पलंग अहिल्यानगरहून येतो, पालखी बुऱ्हाणनगरहून. नऊ दिवसांच्या युद्धाचा शीण घालवणारी ही श्रमनिद्रा थेट कोजागरीपर्यंत चालते. विश्रांतीची तिथी ठरलेली असावी आणि ती कोणी मोडू नये, हे इथल्या भाविकांना समजावून सांगावं लागत नाही. भारतातल्या वैमानिकांना मात्र आठवड्यातून सलग ४८ तासांच्या विश्रांतीसाठी दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

तुळजापूरपासून सोलापूर जेमतेम ४५ किलोमीटर. जून २०२५ मध्ये तिथून ‘फ्लाय९१’चं गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये ‘स्टार एअर’चं मुंबईचं. विमान घरावरून जायला लागलं की बारावी सायन्सच्या मुलांच्या घरात एक प्रश्न येतोच: पायलट व्हायला काय काय लागतं? त्याचं उत्तर सोपं आहे. भौतिकशास्त्र आणि गणितासह बारावी, वैद्यकीय तपासणी, परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण. गोंदियाजवळची बिरसी, बारामती, धुळे अशी प्रशिक्षणाची ठिकाणं महाराष्ट्रातच आहेत. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात, आणि एअरबस किंवा बोइंगसारख्या विशिष्ट विमानाचं ‘टाइप रेटिंग’ घ्यायचं तर आणखी काही लाख. बऱ्याच घरांत यासाठी जमीन किंवा घर तारण पडतं. पण पायलट झाल्यावर आयुष्य कसं असेल, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

सुरुवात खांद्यावरच्या पट्ट्यांपासून करू. उजव्या खुर्चीत बसतो तो फर्स्ट ऑफिसर, डावीकडे चार पट्ट्यांचा कॅप्टन. पंधराशे तास उड्डाण आणि वरचा परवाना झाला की कॅप्टन होण्याचा रस्ता मोकळा होतो. वैमानिकांच्या भाषेत ‘कमांड’ मिळते. पगार एकदम दुप्पट-तिप्पट होतो. कर्जाचे हप्ते मानेवर असलेल्या तिशीतल्या वैमानिकाने ही संधी नाकारावी, असं कुठलाच शहाणा माणूस म्हणणार नाही.

तरीही जगभरात काही जण ती पुढे ढकलतात. कारण ज्येष्ठतेच्या यादीत आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांमध्ये कोणती सुट्टी, कोणतं शहर, कोणती वेळ हे ज्येष्ठतेनुसार मागता येतं. दहा वर्षं उजव्या खुर्चीत काढलेला माणूस त्या यादीत वर असतो. कमांड घेतली की तो कॅप्टनांच्या यादीत तळाला जातो. सणाची ड्युटी, पहाटे तीनचा अलार्म, ऐनवेळी बोलावलं तर धावण्यासाठी घरी ‘स्टँडबाय’ बसणं, हे सगळं त्याच्या वाट्याला येतं. कंपनी बदलली तर पुन्हा तळापासून सुरुवात. भारतात ड्युट्यांच्या वाटपात कंपनीचा शब्द अधिक चालतो, त्यामुळे हे गणित इतकं स्वच्छ नाही. पण नव्या कॅप्टनला दिवाळीत सुट्टी मागताना ओशाळं व्हावं लागतं, ते इथेही.

बाहेरून पाहणाऱ्याला वैमानिकाचं काम हलकं वाटतं. वर्षाला जास्तीत जास्त हजार तास उड्डाण! कचेरीतला माणूस याच्या दुपटीहून अधिक तास भरतो. मात्र या हजारात विमान जागचं हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचाच वेळ मोजतात. त्याआधी हजर राहणं, दोन उड्डाणांमधली वाट पाहणं, परगावच्या हॉटेलातल्या रात्री, हे सगळं हिशेबाबाहेर. खरा त्रास तासांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वेळांचा असतो. आज पहाटे चारला उठायचं आणि परवा पहाटे चारला झोपायचं, असं चक्र शरीराला कळत नाही.

झोप मोडल्याचे परिणाम कागदोपत्री नोंदलेले आहेत. २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीपलीकडे कोसळलं, १५८ जण गेले. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपला होता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज होता. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ पडलेल्या कोलगन एअरच्या विमानातली तरुण फर्स्ट ऑफिसर रात्रभर प्रवास करून, सिअ‍ॅटलहून नेवार्कला कामावर आली होती. थकव्याचा मुद्दा तपासात पुढे आला आणि अमेरिकेला विश्रांतीचे नियम नव्याने लिहावे लागले.

कोझिकोडची घटना मराठी घरांना अधिक जवळची. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचंच विमान पावसात तिथल्या टेबलटॉप धावपट्टीवरून खाली गेलं. २१ जण मृत्यू पावले, त्यांत हवाई दलाचे माजी विंग कमांडर कॅप्टन दीपक साठेही होते. त्यांचे आईवडील नागपूरला राहत. २०२१ च्या चौकशी अहवालाने मुख्य ठपका ठरलेली कार्यपद्धती न पाळण्यावर ठेवला. पण त्याच अहवालात आणखी एक बाब आहे, आणि ती बातम्यांमध्ये मागे पडली. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण कोझिकोडहून करता यावं, ही कॅप्टनची ओढ त्या दिवशीच्या निर्णयांमागे होती असं अहवाल म्हणतो. आणि त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते, याचा दोष कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाला देतो. म्हणजे कोणत्या गावात किती माणसं नेमली, या कार्यालयीन वाटणाऱ्या प्रश्नाचा धागा धावपट्टीपर्यंत पोचला होता. वैमानिकाचं राहणीमान हा त्याच्या घरापुरता प्रश्न मानणं म्हणूनच भाबडेपणाचं आहे.

जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम कडक केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, तीही दोन रात्री धरून. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. रात्रीला स्पर्श करणाऱ्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. कंपन्यांना हे परवडेना; अंमलबजावणी लांबत गेली आणि न्यायालयात ठरल्यावर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत आली. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोकडे ड्युट्यांचं रोस्टर भरायला वैमानिक कमी पडले. एकट्या ५ डिसेंबरला हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली, आणि सरकारने रात्रीच्या काही अटींतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांचा राग रास्तच होता. मात्र जवळपास दोन वर्षांची मुदत मिळूनही पुरेशी भरती न करणाऱ्यांवर तो जितका निघायला हवा होता, तितका निघाला नाही.

वैमानिकांनीही कधी नोकरी सोडून आपलं मत दाखवून दिलं आहे. २०२३ मध्ये मुंबईच्या अकासा एअरमधून ४३ जण नोटिशीची मुदत पूर्ण न करताच गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. २०२४ च्या वसंतात व्हिस्टाराची उड्डाणं कोलमडली. नव्या करारात निश्चित पगाराचे तास ७० वरून ४० वर आले होते आणि रोस्टर आधीच ताणलेलं होतं. कॅप्टनने रीतसर नोकरी सोडायची तर २०१७ च्या नियमानुसार एक वर्ष आधी सांगावं लागतं, फर्स्ट ऑफिसरने सहा महिने. इतकी लांब नोटीस फार थोड्या नोकऱ्यांत असेल.

मग छोट्या कंपनीत जावं का? तिथे एटीआर किंवा एम्ब्रेअरसारखं छोटं विमान असतं, टप्पे लहान असतात, मुक्कामाच्या रात्री कमी, कमांड बहुधा लवकर. मोठ्या कंपनीत पगार जास्त, पुढे बोइंग ७७७ वर न्यूयॉर्कला जाण्याची शक्यता, आणि त्याबरोबर घड्याळाचा दहा तासांच्या आसपासचा फरक. ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी असते, आणि त्यात नापास झालं तर पट्ट्या कितीही असोत, विमान दुसरा कोणी उडवतो. म्हणून नोकरी निवडताना पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: बेस कुठे, महिन्याला घरच्या रात्री किती, आणि नोकरी न सोडण्याचा बाँड किती वर्षांचा.

बेसच्या प्रश्नाचं उत्तर सोलापूर-तुळजापूरच्या मुलामुलींना पटकन आवडणार नाही. फ्लाय९१चं मुख्य ठाणं गोव्यात मोपाला आहे, स्टार एअरचं बंगळूरला. सोलापूरला उतरलेलं विमान थोड्या वेळात परत फिरतं, आणि त्याबरोबर वैमानिकही.