‘सोलो लेव्हलिंग: अराइज’ आलाय, पण गोष्ट मेहनतीची अन् धंदा नशिबाचा कसा?

मे महिन्यात पहाटे पाचला वडवणीत बीड-परळी रस्त्याला लागलात, तर पोरं पळताना दिसतात. मे 2024 मध्ये पोलीस भरतीचे फॉर्म भरून झाले होते, मैदानी कधी लागेल सांगता येत नव्हतं. म्हणून 1600 मीटर, 100 मीटर अन् गोळाफेक, हे रोजचं चालू होतं. या पोरांपैकी निम्म्यांच्या मोबाईलच्या वॉलपेपरवर एक काळ्या कोटातला कोरियन गडी आहे. त्याचं नाव सुंग जिनवू.

हाच जिनवू आता गेममध्ये आलाय. 8 मे 2024 ला ‘सोलो लेव्हलिंग: अराइज’ जगभर रिलीज झाला, मोबाईलवर आणि पीसीवरही. बनवणारी कंपनी दक्षिण कोरियाची नेटमार्बल. बीडचं लोकसभेचं मतदान 13 तारखेला उरकलं, तोवर आमच्या ग्रुपवर निवडणुकीपेक्षा याचेच स्क्रीनशॉट जास्त पडत होते. मीही आठवडाभर खेळलो. तेव्हा विषय नीट समजून घेऊ.

आधी गोष्ट काय ते सांगतो.

चुगाँग या लेखकाची ही कोरियन वेब कादंबरी. 2018 पासून तिचं वेबटून आलं, म्हणजे मोबाईलवर खाली सरकवत वाचायचं चित्ररूप. त्याची चित्रं काढणारा दुबू 2022 मध्ये वारला. मग जानेवारी 2024 मध्ये ए-1 पिक्चर्सने अ‍ॅनिमे आणला, हिरोयुकी सावानोच्या संगीतासकट. हिंदीत डब झाला आणि आपल्याकडची गर्दी वाढली.

यात राक्षसांशी लढणाऱ्या हंटर लोकांची ‘ई’ ते ‘एस’ अशी प्रतवारी असते. जिनवू सगळ्यात खालचा, ‘ई’. आई दवाखान्यात, बहीण शिकतेय, म्हणून हा जीव धोक्यात घालून कामाला जातो. पुढे त्याला एक अदृश्य सिस्टीम मिळते, जी रोज काम लावते: 100 जोर, 100 सिटअप, 100 बैठका आणि 10 किलोमीटर पळणं. चुकला की शिक्षा. कोयत्यावर गेलेल्या आईबापाच्या पोराला हा गडी एवढा जवळचा का वाटतो, हे वेगळं सांगायला नको.

आता गेम. मारामारी खरंच मस्त जमलीय. हा अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग प्रकार आहे, म्हणजे लढायचं स्वतःच्या बोटांनी आणि पात्र हळूहळू वाढवत न्यायचं. समोरच्याचा वार अंगावर यायच्या ऐन क्षणी बाजूला झालात, तर पलटवाराची संधी मिळते. ती वेळ साधली की जी मजा येते, ती सांगून कळणार नाही. कथेतले प्रसंग कुठे वेबटूनच्या चौकटीत, कुठे अ‍ॅनिमेसारखे हलते दिसतात. रोजची कामं केली की गुण मिळतात, ते ताकदीत घालायचे की चपळाईत हे तुम्ही ठरवायचं. तीन डोक्यांच्या सर्बेरसपुढे मी चार वेळा मेलो. पाचव्यांदा जिंकलो, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि फोन तव्यासारखा तापला होता. (फोन चार वर्षांचा आहे, दोष त्याचाच. डाउनलोडही काही जीबींचं आहे, त्यामुळे दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर दमानं घ्या.)

मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी वाचत खेळावं लागतं.

खरी गोम पुढे आहे. जिनवू घामाने वाढतो, पण बाकीचे हंटर आणि खुद्द जिनवूची भारी हत्यारं सोडतीतून निघतात. या पद्धतीला गाचा म्हणतात. जपानमध्ये नाणं टाकून दांडी फिरवली की खेळण्याची डबी पडते, त्या गाचापॉन यंत्रावरून हे नाव आलं. आपल्याकडे किराणा दुकानात चिठ्ठ्यांचा पुठ्ठा टांगलेला असायचा ना? रुपया द्या, चिठ्ठी फाडा, घड्याळ लागेल म्हणून जीव खाली-वर, अन् निघतो फुगा. तेच हे. फरक एवढाच की पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या कधीतरी संपायच्या.

हिशोब करून बघा. समजा एखादी गोष्ट मिळण्याची शक्यता 1 टक्का आहे. आपल्याला वाटतं, 100 वेळा ओढलं की मिळणारच. पण दरवेळी फासा नव्याने पडतो. त्यामुळे 100 वेळा ओढूनही साधारण 37 टक्के लोक रिकाम्या हाती राहतात. म्हणून बऱ्याच गेममध्ये ‘इतक्या वेळांनंतर नक्की देऊ’ अशी हमी ठेवलेली असते, आणि माणूस तिथवर पोचायला पैसे भरतो.

यावर जगात कायदे झालेत. जपानने 2012 मध्ये याचाच ‘कॉम्प गाचा’ हा उपप्रकार बेकायदा ठरवला, बेल्जियमने 2018 मध्ये पैसे भरून उघडायच्या लूट बॉक्सला जुगार मानलं. खुद्द कोरियात 22 मार्च 2024 पासून गेम कंपन्यांना शक्यतेचे आकडे जाहीर करणं बंधनकारक झालंय. जानेवारीतच तिथल्या नेक्सॉन कंपनीला ‘मेपलस्टोरी’ गेममधले आकडे गुपचूप बदलल्याबद्दल 11.6 अब्ज वॉनचा दंड बसला होता. ‘अराइज’मध्येही सोडतीच्या पानावर टक्के लिहिलेले सापडतात. ते आधी वाचा.

हे एवढं सांगतोय, कारण मागच्या वर्षी माझ्या मावसभावाने एका दुसऱ्याच गेममध्ये मावशीच्या खात्यातले साडेतीन हजार घालवले. यूपीआयचा पिन त्याला पाठ होता. पैसे कापसाच्या बियाण्यासाठी ठेवलेले. 2024 मध्ये एक बॅग 864 रुपयांना होती, म्हणजे चार बॅगा गेल्या समजा. काका त्याला मारायला धावले नाहीत, नुसते ओट्यावर बसून राहिले. पोरगं त्यानेच जास्त घाबरलं.

घरात लहान भावंडं असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. यूपीआयचा पिनही बदला.

पैसे न भरता खेळता येतो का? आठवडाभराच्या अनुभवावरून सांगतो, कथा येते पुढे नेता. रोज जे फुकट मिळतं ते साठवायचं, आणि आलं बक्षीस की लगेच ओढ अशी घाई करायची नाही. पुढे चढ किती अवघड होतो, ते महिन्याने लिहीन.

मावसभावानेही गेम टाकलाय. परवा विचारलं तर म्हणाला, “इग्रिसपर्यंत आलोय दादा, एक रुपया नाही भरला.” मग फोन खिशात घालून पळायला गेला, त्याचं 1600 अजून सहा मिनिटांच्या आत येत नाही.