लाकडी पेन आणि घरची हत्यारे

जालन्याच्या मोंढ्यात आमचे अडत दुकान होते. तेथे बाबूजींच्या गादीपुढे उतरत्या झाकणाची एक शिसवी पेटी असे. रोजकीर्द, खतावणी त्या पेटीवर लिहिली जाई आणि दिवाळीचे वहीपूजनही तिच्यावरच होई. पुढे वाटणी झाली तेव्हा तिजोरी, तराजू, पेढीचे नाव, सर्वांची किंमत ठरली; तळ पोखरलेली ही पेटी मात्र कोणाच्याच वाट्यास आली नाही. ती माझ्या माळ्यावर पडून राहिली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तिच्या शाबूत फळ्या मोजल्या. तेरा सेंटिमीटर लांबीचे बरोबर अकरा तुकडे निघत होते. आम्ही तिघे भाऊ आणि पुढच्या पिढीतील आठ जण, म्हणजे अकराच. त्यांची पेने करावयाची, असे मनाशी ठरविले.

हाती पेन घडविणे आपल्या देशाला नवे नाही. राजमहेंद्रीस के. व्ही. रत्नम यांनी १९३२ साली एबोनाइटची शाईपेने घडविण्यास आरंभ केला आणि १९३५ मध्ये गांधीजींनी त्या पेनाबद्दल त्यांना पत्र लिहिले. माझे काम त्या मानाने फार सोपे. बारीक बॉलपेनाचे सुटे भाग टपालाने येतात: पितळेच्या दोन नळ्या, टोक, रिफिल पुढे-मागे करणारी पिळाची यंत्रणा, मधले कडे, क्लिप आणि टोपण. लाकडास आरपार भोक पाडून त्यात नळ्या चिकटवायच्या, वरून लाकूड कातून गोल करायचे. कातकाम मी लेथवाल्या कारागिराकडून करून घेतले. जोडणी मात्र घरी केली, आणि खरे नुकसान तेथेच होते.

सर्व भाग नळीत घट्ट दाबूनच बसतात. दाब किंचित तिरपा पडला की पातळ लाकूड तडकते. यासाठी मिळणाऱ्या तयार दाबयंत्रास काही हजार रुपये पडतात. जालना हे लोखंडी सळयांचे गाव. येथे राहून दाबयंत्र बाहेरून मागवणे मला प्रशस्त वाटेना. भंगारातून वीतभर चॅनेलचा तुकडा आणला, त्याची दोन्ही टोके पट्ट्यांनी बंद करून एका पट्टीवर नट वेल्ड करून घेतला व त्यातून बारा मिलिमीटरचा लांब बोल्ट आत सोडला. समोरच्या पट्टीस सागवानाची चकती चिकटवली. खर्च तीनशेच्या आत आला. बोल्टचे डोके फिरते, म्हणून तो आणि पेन यांच्यामध्ये लाकडाचा सुटा ठोकळा धरावा, नाहीतर पेनाच्या भागांवर ओरखडे उठतात. हा साधा बोल्ट एका फेऱ्यात पावणेदोन मिलिमीटर पुढे सरकतो. पाव फेरा दिला तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. हातोडीने इतके बारीक माप साधणार नाही.

हे माप कशासाठी, ते सांगतो. खालच्या नळीत आधी टोक बसते, मग दुसऱ्या बाजूने यंत्रणा. यंत्रणा कमी आत गेली तर पिळूनही रिफिल बाहेर येत नाही. जास्त गेली तर ती आत जात नाही आणि सदऱ्याच्या खिशावर शाईचा डाग पडतो. म्हणून थोडे दाबावे, रिफिल आट्यांवर फिरवून पाहावी, पुन्हा पाव फेरा द्यावा. पहिले पेन नेमके जमले की त्याच्या खालच्या भागाची लांबी बांबूच्या कामटीवर कापून ठेवावी. पुढच्या पेनांना तीच मोजपट्टी.

दुसरे हत्यार याहून स्वस्त आहे. नळीचे तोंड आणि लाकडाचे टोक एका पातळीत, काटकोनात हवे. नळीत नीट बसेल अशी गुळगुळीत सळई ठोकळ्यात अगदी उभी रोवावी, तिच्याभोवती पॉलिशपेपरची भोक पाडलेली चकती चिकटवावी आणि तुकडा त्या सळईवर घालून हळूहळू फिरवावा. पितळ चमकू लागले की थांबावे.

नळी चिकटविताना आत गोंद शिरू नये म्हणून तिचे तोंड बुजवतात. परदेशातील हौशी लोक त्यासाठी कच्च्या बटाट्याची चकती वापरतात. आमच्या घरात बटाटा कोठून येणार! घट्ट मळलेल्या कणकेने तेच काम उत्तम झाले. झिलईचाही प्रश्न होताच. फ्रेंच पॉलिशमधला चपडा लाखेच्या किड्यापासून येतो, म्हणून मी जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. वाळायला दिवस लागतात. शिवाय तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवावीत.

एवढी तयारी करूनही पहिले पेन तडकले. बाभळीच्या तुकड्यांवर सराव केला होता, परंतु या नळीत कणकेला चुकवून गोंदाचा एक थेंब आत गेला होता, तो मला दिसला नाही. टोक दाबताच लाकडाने बारीक आवाज केला. तो तुकडा मी माझ्या नावाचा धरला. उरलेल्या दहा नळ्या गोल कानशीने आतून घासल्या, दिव्यासमोर धरून पाहिल्या, मगच दाबल्या. दहाही जमली.

थोरल्या बंधूंचे पेन त्यांच्या मुलाच्या हाती पाठविले. वाटणीनंतर आमचे येणे-जाणे लग्नकार्यापुरतेच उरले होते. वहीपूजनाच्या दिवशी त्यांनी त्याच पेनाने वहीवर ‘श्री’ काढला, हे पुतण्याने सांगितले. स्वतः त्यांच्याकडून शब्द नाही.

पौष महिन्यात एके सकाळी ते दारात उभे राहिले. पेन फरशीवर पडून टोक वाकले होते. “दुरुस्त होते का रे हे?” एवढेच म्हणाले. मी वरचा भाग ओढून काढला, रिफिल फिरवून सोडविली. यंत्रणेतून जाईल पण टोकाच्या भोकातून निसटणार नाही असा एक लांब खिळा मी टोक कानसून सपाट करून ठेवलेला आहे. तो आत सोडला, नळी भोकाच्या ठोकळ्यावर उभी धरली. ठोकळा हलत होता. भाऊंनी चष्मा वर सरकवला आणि तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.